पाइपाला कान

दादा, पुडी पाण्यात कालवून ठेवली आहे. भला मोठा जग आहे आणि वर लिंबाच्या वासाचा फेस. थोड्या थोड्या वेळाने ग्लासभर प्यायचं, पोट धुऊन पार नितळ होईपर्यंत, असं लिहून दिलंय. उद्या सकाळी अकोल्याला माझ्या आतड्यात दुर्बीण घालणार आहेत. हो, तीच तपासणी. जिच्यासाठी तू माझ्यामागे हात धुऊन लागला होतास आणि जी मी कधी शाळेची परीक्षा, कधी नणंदेच्या घरचं लग्न असं करत पुढे ढकलत राहिले. तू गेलास, तुझी तेरवी झाली आणि माझी कारणं संपली.

पहिला ग्लास प्यायले. चव खारट-गोड, मळमळायला लावणारी.  तुझं दुखणं आतड्यातच सुरू झालं, बाबांचंही तिथलंच असणार, आणि आपण दोघं एकाच मायबापाची लेकरं. मंगरूळपीरच्या या घरात दुपारचा पंखा गरगरतोय, स्वयंपाकघरात वहिनी भांडी लावताहेत, आणि मला माझ्या स्वतःच्या पोटाची भीती वाटते आहे. घरात कुणी अनोळखी माणूस शिरून बसलाय की नाही हेच कळू नये, आणि प्रत्येक खोलीत जायला जीव घाबरावा, तसं झालंय.

वहिनी माझ्याकडे आल्या आहेत, हे तुला सांगायलाच हवं. तेरवी आटोपली न आटोपली तोच बाईमाणसानं उंबरठा ओलांडू नये, असं भावकीतल्या बायकांचं म्हणणं. वहिनींनी ऐकून घेतलं आणि पिशवीत दोन लुगडी भरली. "ज्याच्यासाठी घरात बसाचं, त्यानंच हे काम मले सांगून ठेवलं हाय," त्या म्हणाल्या, "मी जातो." मानोऱ्याहून एस.टी. धरून एकट्या आल्या. तुझी बायको आयुष्यात पहिल्यांदा एकटी एस.टी.त बसली, दादा, आणि तीही माझ्यासाठी.

तू काय सांगून ठेवलं होतंस त्यांना, ते मी विचारलं नाही. विचारायचं धाडस होत नाही.

दुसरा ग्लास.

तुझा लोखंडी गज आठवतोय. तू गावच्या नळयोजनेचा वॉलमन. आज कुठल्या गल्लीला पाणी सोडायचं, कुठला वॉल किती आटे उघडायचा, सगळं तुझ्या हातात. त्यामुळे सरपंचापेक्षा जास्त शिव्या तुला आणि जास्त चहाही तुलाच. पोहरादेवीच्या यात्रेच्या दिवसांत घरोघरी पाहुणे उतरायचे, तेव्हा तर तू जेवायलाही घरी यायचा नाहीस. माझं लग्न झाल्यावरही मी माहेरी आले की तुझ्यामागे फिरायचे. मास्तरीणबाई झाले तरी तुझ्यामागे फिरायचे, आणि तुला ते मिरवायला भारी आवडायचं.

जमिनीखालच्या पाइपावर गजाचं एक टोक टेकवायचं, दुसरं कानामागच्या हाडाला लावायचं आणि डोळे मिटायचे. "गळती असंन तं सूं करते," तू मला शिकवलंस. "टुल्लू असंन तं घुर्र करते. अन् काईच नसंन तं साधा आवाज." टुल्लू म्हणजे नळाला लावायची ती छोटी मोटर. ती सुरू झाली की शेजाऱ्याच्या वाट्याचं पाणीसुद्धा ओढून घेते. तू गज खांद्यावर टाकून बरोबर त्याच घरापुढे जाऊन उभा राहायचास आणि हाक द्यायचास, "काकू, मोटर दमली असंन वं, जरा बसू द्या तिले." आत मोटर गुपचूप बंद व्हायची. भांडण नाही, पंचायत नाही. मला तेव्हा वाटायचं, माझ्या दादापासून या जगात काही लपून राहू शकत नाही.

पण एकदा राहिलं होतं. शेवटच्या गल्लीतले हंडे कोरडे पडायला लागले. तू जागोजागी गज लावलास, कान लाल झाला, आवाज साधाच. शेवटी खोदलं तेव्हा कळलं. वरच्या अंगाला कुणीतरी गावच्याच पाइपाला भोक पाडून हातभर नळी जोडली होती. मोटर नाही, नवी लाइन नाही, जमीन उताराची म्हणून पाणी आपलं आपण उतरत होतं. त्या दिवशी जेवताना तू भाकर हातात तशीच धरून बसला होतास. "आवाज करनाऱ्याचं भेव नसते, बेबी," तू म्हणालास. "जो साध्या आवाजात पेते, त्याले कसा पकडाचा?" मी हसले होते. चोराचं इतकं काय मनाला लावून घ्यायचं, असं वाटलं होतं.

बाबांना रक्त पडायचं तेव्हा घरात सगळे त्याला मूळव्याध म्हणायचे. सुरणाची भाजी झाली, ताक झालं, आठवडी बाजारातली जडीबुटी झाली. बाबा वाळत गेले आणि गेले. त्यांना नेमकं काय झालं होतं, हे आपल्या घरात कुणी कुणाला विचारलं नाही. मग तुला तेच सुरू झालं, आणि तूही तेच म्हणालास. "उष्णता झाली. उन्हातान्हात वॉलवर उभा राह्यतो ना." तू ताक पीत राहिलास. आपल्याकडे माणूस काट्याने अंगठा फाटला तर बोंब मारतो, आणि संडासातलं रक्त मात्र बायकोलाही सांगत नाही. वहिनींनी शेवटी धोतरावरचे डाग पाहिले तेव्हा तुला अकोल्याला नेलं. तोवर गाठ आतड्यापुरती राहिली नव्हती. लिव्हरवर डाग आले होते.

ऑपरेशन झालं, किमो सुरू झाली, आणि सोबत ते वेगळं इंजेक्शन. डॉक्टर तरुण होते, समजावून सांगणारे. गाठीला वाढायचं तर रक्त लागतं, ते म्हणाले. मग ती आसपासच्या रक्तवाहिन्यांना जणू निरोप धाडते, त्या वाहिन्यांना नव्या फांद्या फुटतात आणि गाठीकडे वाढत येतात. हे इंजेक्शन तो निरोप पोचू देत नाही. तू खाटेवर उठून बसलास. "म्हंजे नवं कनेक्शनच मंजूर करत नाई!" डॉक्टर हसले आणि म्हणाले, अगदी बरोबर. पहिल्या स्कॅनमध्ये डाग लहान झाले. परत येताना तू स्टँडवर जिलबी घेतलीस आणि एस.टी.तल्या ओळखी-अनोळखी सगळ्यांना वाटलीस. त्यातली अर्धी माणसं कशाची जिलबी हे न विचारताच खात होती.

पुढच्या स्कॅनच्या वेळी डॉक्टरांनी आधी दार लावून घेतलं. मला तेव्हाच कळलं.

त्यांनी कागद घेतला आणि पेनाने रेघा काढल्या. सगळ्या गाठी नव्या रक्तवाहिन्या मागत नाहीत, ते म्हणाले. लिव्हर तर आधीच बारीक बारीक रक्तवाहिन्यांनी भरलेलं असतं. काही गाठींच्या पेशी त्या असलेल्या वाहिन्यांच्या कडेकडेने सरकत जातात. लिव्हरच्या पेशींना बाजूला सारून त्यांच्या जागी बसतात आणि त्यांच्याच वाट्याचं रक्त घेतात. नवं काही बांधत नाहीत. त्यामुळे नव्या वाहिन्या अडवणाऱ्या इंजेक्शनला तिथे अडवायला फारसं काही उरत नाही. तुमच्या बाबतीत तसंच होत असावं, खात्रीने सांगता येत नाही, असंही ते म्हणाले. मी विचारलं, मग त्या जुन्या वाहिन्याच बंद करायच्या? त्यांनी पेन खाली ठेवलं. "त्या तुमच्या भावाच्याच आहेत हो, मॅडम."

मी दरवर्षी वर्गात हृदयाचं चित्र काढते. लाल खडू, निळा खडू. पोरांना सांगते, शरीरातली कुठलीही पेशी रक्तापासून लांब जगू शकत नाही, म्हणून रक्त प्रत्येकीच्या दारापर्यंत जातं. हे वाक्य मी नेहमी मोठ्या कौतुकाने म्हणायचे. त्या दिवशी त्या खोलीत मला ते आठवलं. प्रत्येकीच्या दारापर्यंत जातं, आणि दारात कोण बसलंय हे रक्त विचारत नाही. त्यानंतर मी तो धडा शिकवलाच नाही, दादा. मुलांना घरून वाचून यायला सांगितलं.

तू मात्र डॉक्टरांच्या त्या कागदाकडे पाहत होतास. गाडीत बसल्यावर म्हणालास, "उतारावरचा हाय तो. टुल्लूवाला नाई." आणि खिडकीबाहेर बघत राहिलास. 

आणि मग तू ते खूळ घेतलंस. त्यापायी आपल्या घरात झाली तेवढी भांडणं आयुष्यात झाली नसतील. भेटायला येणारा जो तो रक्त वाढवायचं काहीतरी घेऊन यायचा. कुणी बीट, कुणी डाळिंबं, कुणी खजूर, कुणी गूळ-शेंगदाण्याचे लाडू. पोहरादेवीचा अंगारा आला, इथल्या मंगरूळपीरच्या दर्ग्याचा धागा आला, ते दोन्ही तू घेतलंस. "कोनाचं चालंन, सांगता येत नाई," म्हणालास. पण बीट आणि खजूर तू हातानं बाजूला सारलेस. "माह्यं रक्त वाढलं तं त्यालेच भेटंन. मी मेन वॉलच बंद करतो. पाहू कसा जगते तो." भाकर अर्ध्यावर आली, मग चतकोर. तुला वाटलं, तू त्याला उपाशी मारतोयस. वॉलमनशिवाय असली चूक दुसऱ्या कुणाच्या डोक्यातही आली नसती. मी पेशी सांगितल्या, ग्लुकोज सांगितलं, वर्गात सांगते तसं सगळं सांगितलं. तू म्हणालास, "तू शाळा शिकव. पान्याचं मले कळते." डॉक्टरांना फोन लावून दिला, तर त्यांना "हो साहेब, हो साहेब" म्हणालास आणि ताट तसंच सारलंस. तुझ्या गालाची हाडं वर आली. मी रात्रंदिवस धास्तावलेली असायचे की गाठ राहील बाजूला, हा माणूस भुकेनेच जाईल.

तुला वळवलं ते वहिनींनी. आठवतंय ना? ताट पुढे ठेवलं. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, वर तेलाची धार. तू नाही म्हणालास. त्या समोर बसल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "तुमीच सांगत व्हते ना, धार कमी केली का पयले कोनाचा नळ कोरडा पडते? चोराचा का गरिबाचा?"

त्यांनी पाण्याचा तांब्या तुझ्याजवळ ठेवला.

"टाकीतलं पानी कमी केलं तं चोरानं भोक पाडलंच हाय, तो घेतेच. शेवटच्या गल्लीतले मरतात. तुमचे हात, तुमचे पाय, तुमचे डोये, हे सारे शेवटच्या गल्लीत हायेत. त्याइले काहून मारून राह्यले?"

तू ताट जवळ ओढलंस. मग भाकर मोडलीस. पहिला घास पाण्याबरोबर गिळलास. वहिनी तिथेच बसून राहिल्या आणि तुझं खाऊन होईपर्यंत त्यांनी डोळे पुसले नाहीत. त्यानंतरचे जे बरे दिवस तुला मिळाले, ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची थट्टा करण्याइतके, ते त्या ताटाने दिले असं मी मानते. त्यासाठी मी वहिनींच्या जन्माच्या ऋणात आहे. हे त्यांना तोंडावर सांगता आलेलं नाही, म्हणून तुला सांगते.

तिसरा ग्लास. पोटात गुडगुड सुरू झाली आहे.

आपलं भांडण मात्र राहूनच गेलं. डॉक्टरांनी त्याच कागदावर खाली लिहिलं होतं, बहिणीची तपासणी. तुमच्या वडिलांनाही हेच असण्याची शक्यता आहे, ते म्हणाले, तेव्हा वाट पाहू नका. आतड्यात मांसाचा छोटा कोंब असला तर तो दुर्बिणीतूनच काढून टाकता येतो, पुढचं सगळं टळतं. तू तो कागद माझ्या पर्समध्ये कोंबलास. दर रविवारी मी आले की पहिला प्रश्न तोच. "गेलती का?" आणि मी काहीतरी सांगायचे. एकदा तू एवढा चिडलास की उशी फेकलीस. "मी ताक पेत बसलो, तू काय पेत बसली हायस? तुले भेव वाटते का?"

"भेव कायचं?" मी म्हणाले. "वेळच नाही मिळत."

तू माझ्याकडे पाहिलंस. तुला खोटं कळत होतं. पाइपातलं कळायचं, तिथे माझं काय.

मला भीती वाटत होती, दादा. तुझ्या खाटेजवळ बसले की तुझ्या वेदनेपेक्षा मला माझ्या पोटाची आठवण यायची, आणि त्याची लाज वाटायची. तुझ्या पायाला तेल लावता लावता मी मनात मोजत बसायचे, मला कधी कळ आली होती, कुठल्या अंगाला. तुला खोकला आला तर मी घाबरायचे तुझ्यासाठी, आणि तितकीच माझ्यासाठी. बहिणीनं असं वागावं का, माहीत नाही. मी तशी वागले.

आणि मग ती दुपार. वहिनी नळावर गेल्या होत्या, पाण्याची पाळी होती. तू सदरा वर केलास. पोट फुगलेलं, त्यावर निळ्या शिरा उमटलेल्या. "बेबी, कान लाव बरं," म्हणालास. "गज नको, नुसता कान लाव. पाह्य काय आवाज येते." मला वाटलं तू गंमत करतोयस. पण तुझे डोळे गमतीचे नव्हते. मी वाकले आणि उजव्या बरगडीखाली कान टेकवला. तुझी कातडी तापली होती. आत कुठेतरी पाणी हलल्यासारखं झालं, आणि खोल, लांब, तुझ्या रक्ताचा ठोका. बस्स. एवढंच. माझ्या कानाखाली, बोटभर अंतरावर, तो बसला होता आणि पीत होता, आणि मला काही म्हणता काही ऐकू येत नव्हतं. इतकी भीती मला कधी वाटली नाही. मी कान उचललाच नाही, कारण उचलला असता तर तुला माझा चेहरा दिसला असता.

"काय म्हनते?"

"साधाच आवाज हाय, दादा," मी म्हणाले. इतक्या वर्षांची मास्तरकीची भाषा कुठे गेली कोण जाणे.

तुझा हात माझ्या डोक्यावर आला. "मंग तं भेवच हाय," तू म्हणालास आणि हसलास. मला हसता आलं नाही.

त्यानंतर तू फार दिवस राहिला नाहीस.

तुला नेलं त्या दिवशी गावाला पाण्याची पाळी नव्हती. स्मशानातून सगळे परतले आणि आंघोळीला घरोघरी नळ कोरडे. खाटेला खिळल्यावरही कुठला वॉल किती फिरवायचा हे पोरांना सांगणारा तूच, आणि तू तर गेलास. माणसं ओल्या डोळ्यांनी टाकीखाली उभी राहिली. शेवटी कुणीतरी वॉल फिरवला, जमेल तसा, सगळ्याच गल्ल्यांना एकदम. पाणी आलं. बारीक धार, पण सगळीकडे. त्या दिवशी कुणी टुल्लू लावला नाही, दादा. मी गल्लीतून चालत गेले, एकही मोटर वाजत नव्हती. तुला हे कळवायला हवं असं मला तेव्हापासून वाटतंय.

आता जगमध्ये तळाचं थोडं उरलंय. आत्ताच वहिनी आल्या आणि माझ्याजवळ पलंगावर बसल्या. मी म्हटलं, पोटात नुसता गोंधळ चाललाय. त्यांनी काही न विचारता वाकून माझ्या पोटाला कान लावला. त्यांच्या पांढऱ्या केसांना खोबरेल तेलाचा वास होता. मी श्वास धरून बसले. हे तू त्यांना सांगितलं होतंस का? आपली ती दुपार त्यांना ठाऊक होती का? की तुझ्याबरोबर इतकी वर्षं काढलेल्या बाईला काळजी करायची दुसरी रीतच माहीत नव्हती?

"काई नाई, बेबीताई," त्या म्हणाल्या. "साधाच आवाज हाय."

 त्या दुपारचं तुझं पुढचं वाक्य मला ऐकू आलं, त्यांना आलं नाही. मी ते त्यांना सांगितलं नाही.

त्यांनी जग हलवला, शेवटचा ग्लास भरला आणि माझ्या हातात दिला. उजेड आहे तोवर लवकर जेवून घेते, पहाटेची गाडी आहे, असं म्हणून त्या आत गेल्या. मी तुझ्या फोटोकडे पाहिलं. तोच फोटो, टाकीवरचा, गज हातात धरलेला. तू विचारलं होतंस आणि मी खरं उत्तर दिलं नव्हतं, ते आता देते.

हो दादा, मले लय भेव वाटते. पेऊन राह्यली.